धाकटी बॅटरी

दर आठवड्याला या सदरात मी काहीबाही लिहीत असतो आणि वाचक ते सोसत असतात. दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी. तो अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात आणि चकलीचे तेल लागलेल्या बोटांनी पाने उलटतात. तेव्हा यंदा काय लिहावे, असे मी सौ.ला विचारले. ती करंज्यांच्या कडा दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडीचं लिहा."

"त्यात माझी फजिती आहे."

"म्हणून तर सांगतेय."

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. म्हणून ती हकीकत लिहायला बसलो आहे.

मी सोलापुरात मराठी शिकवतो. माझा आणि यंत्रांचा संबंध सायकलची चेन बसवण्यापुरता. तरीही साडेचार वर्षांपूर्वी सौ.च्या आणि कन्येच्या आग्रहाने मी विजेवर चालणारी मोटार घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. पुढे जे घडले त्यात दोष कंपनीपेक्षा माझाच जास्त होता. गाडी गुणी निघाली. धूर नाही, थरथर नाही, पेट्रोलपंपावरची रांग नाही. रात्री अंगणात तारेला जोडून ठेवावी आणि सकाळी गोठ्यातून गाय सोडावी तशी सोडून घ्यावी.

नाराज होते ते फक्त आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली ती १८७० च्या दशकात, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे हे गाव भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर झोपले. अण्णा अशाच एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. शेकडो साचे एका छपराखाली खडखडत असत. त्या खडखडाटात तीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर अण्णांनी घरोघरचे यंत्रमाग दुरुस्त करून मला एम. ए. पर्यंत शिकवले. तोवर त्यांचे ऐकणे बरेचसे गेले होते. आता कानाशी तोंड नेऊन ओरडले तर चार शब्दांतले दोन पोचतात.

गाडी घरी आली त्या दिवशी मी ती सुरू करून दाखवली. अण्णा बॉनेटवर पंजा टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "कधी चालू करणार?"

"झालीय चालू!" मी ओरडलो.

त्यांनी पंजा उचलून त्याच्याकडे पाहिले. हातानेच दगा दिला की काय, असे त्यांना वाटले असावे. मग पुन्हा टेकवला आणि म्हणाले, "बंद करून परत लाव बघू." मी तसे केले. त्यांचा चेहरा किंचित उजळला. "हां. खाली टिचकी मारतंय कुणीतरी."

तेव्हापासून रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने गाडी पुसायची आणि मी निघताना बॉनेटवर हात ठेवून ती टिचकी घ्यायची, हा अण्णांचा परिपाठ झाला. आम्ही त्याला म्हातारपणाचा छंद समजत होतो.

आता त्या टिचकीविषयी सांगायला हवे. विजेची मोटार मुकी असते, हे अर्धेच खरे. बटण दाबले की एकदोनदा 'टिक्' असा आवाज येतो. नव्या मालकाला तो ऐकून धसका बसतो. वास्तविक तो गाडीच्या प्रकृतीचा आवाज आहे. तळाशी जी मोठी बॅटरी असते ती साधारण तीनशे व्होल्टांच्या आणि कित्येक गाड्यांत त्याहूनही वरच्या दाबाची. असली जनावरे दावणीला बांधूनच ठेवावी लागतात. गाडी बंद असताना ती बॅटरी बाकीच्या यंत्रापासून तोडलेली असते, आणि गाडी सुरू करताना लोहचुंबकावर चालणारे जाडजूड खटके मिटून ती जोडली जाते. त्या खटक्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. तेही सगळे एकदम मिटत नाहीत. उजनीचे दरवाजे कोणी एकाएकी सताड उघडत नाही. आधी थोडे पाणी सोडतात. तसाच येथे आधी एक छोटा खटका मिटतो आणि रोधकातून बेताबेताने वीज पुढे जाते. पुढची साठवणूक भरत आली की मग मोठा खटका मिटतो. एकदम मिटला तर ठिणगी पडून त्याची तोंडे एकमेकांना कायमची चिकटायची. म्हणून 'टिक्', जरा थांबून आणखी एक 'टिक्', आणि समोर पाटीवर 'रेडी'.

व्याकरणाच्या माणसाला यात एक नियम सापडतो. 'टिक्' एकटा आला तर तो साधा ध्वनी. पण 'टिकटिकटिक' असा त्याचा अभ्यस्त शब्द झाला की समजावे, गाडीला दुखणे आहे. हा नियम मला आज सुचतो आहे. त्या पहाटे सुचला असता तर बरे झाले असते.

ती पहाट मे महिन्यातली. कन्येची पुण्याला प्रवेशासाठी मुलाखत होती. सकाळी साडेसहाला सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस गाठायची होती आणि आम्ही राहतो जुळे सोलापुरात. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमुळे माझी गाडी पंधरा-सोळा दिवस जागची हललेली नव्हती. पण मोबाईलवर मी रात्रीच पाहून ठेवले होते: बॅटरी ब्याण्णव टक्के. तारेला जोडायचीसुद्धा गरज नाही. मी निर्धास्त झोपलो.

पावणेसहाला सगळे बसलो. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले. पडदा उजळला आणि बॉनेटखालून आवाज आला, 'टिकटिकटिकटिकटिक'. रातकिडा डबीत कोंडावा तसा. मग पडदा मावळला. पुन्हा दाबले, पुन्हा रातकिडा. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा रातकिड्याचाही आवाज बारीक झाला.

"ब्याण्णव टक्के आहे!" मी म्हणालो. हे मी गाडीला सांगत होतो की कुटुंबाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

गडबड ऐकून शेजारपाजारची दोघे-तिघे बाहेर आली. सोलापूरचा माणूस मदतीला कधी मागे राहत नाही. "धक्का मारू का ओ सर?" असे म्हणून त्यांनी बाह्यासुद्धा सावरल्या. आमच्या लहानपणी बॅटरी बसलेल्या फियाटला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का मारला की ती खोकत खोकत जिवंत होई. विजेच्या गाडीला धक्का मारून काही उपयोग नाही. तिला इंजिन नाही, तेव्हा धक्क्याने जागे कोणाला करणार? शिवाय पार्किंगचे कुलूप लागलेले असल्याने ती चार बोटेही सरकत नाही.

एवढ्यात अण्णा फडके घेऊन आले. बॉनेटवर पंजा टेकवला आणि मला खूण केली, लाव. मी बटण दाबले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बारकी बॅटरी बसलीय," ते म्हणाले.

"अण्णा, बॅटरी ब्याण्णव टक्के आहे!" मी ओरडलो.

"थोरली न्हवं. बारकी."

"असू दे! तुम्ही आत बसा!" हे मी त्यांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हटले, असे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होतो. पण त्या पहिल्या चार शब्दांतही मी पुरेसा ओरडलो होतो. या खेपेला आवाज मोठा करण्याचे कारण वेगळे होते. अण्णा फडक्याची घडी करीत आत गेले.

शेजारच्या काकांनी कन्येला स्कूटरवर घेतले. सहा पंचवीसला तिचा फोन आला, "मिळाली गाडी. आजोबांना सांगा." मी आजोबांना काही सांगितले नाही. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आले की गाडी उचलून नेणारे वाहन येईल, वेळ लागेल. किती, हे त्या गोड आवाजालाही ठाऊक नव्हते.

नऊ वाजता सौ.ने मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण करून दिली. मराठीत तो दोनदा नापास झाला आणि आता बॅटऱ्यांचे दुकान उत्तम चालवतो. तो आला तेव्हा त्याने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी बाकावर उभा राहिलेल्या मुलासारखी उत्तरे देऊ लागलो.

ब्रेक नीट दाबला होता का? होय. गाडी पार्किंगवरच होती ना? होय. चार्जिंगची तार लावलेली नव्हती ना? तार लागलेली असली तर गाडी निघायचे नाव घेत नाही. नव्हती. किल्लीतला सेल? तो मेला असता तर पडद्यावर किल्ली सापडत नाही अशी सूचना आली असती आणि टिकटिक झाली नसती. मग त्याने बॉनेट उघडले, एका कोपऱ्यातले प्लास्टिकचे झाकण काढले आणि मला आत बघायला सांगितले.

आत एक बॅटरी होती. साधी, जुन्या पद्धतीची, शिसे आणि आम्ल भरलेली, बारा व्होल्टांची. कोणत्याही पेट्रोलच्या गाडीत असते तशीच, आकाराने जरा लहान. साडेचार वर्षे मी त्या गाडीचा मालक होतो आणि ही बॅटरी मी प्रथमच पाहत होतो.

"हिचं काय काम?" मी विचारले.

"सर, सगळं काम हिचंच की ओ."

मग त्याने मला जे सांगितले ते असे. थोरली बॅटरी चाके फिरवते. पण दिवे, कुलपे, पडदा, गाडीतले छोटे संगणक हे सगळे धाकटीवर चालतात. आणि मुख्य म्हणजे थोरलीला जोडणारे ते खटके मिटवण्याचे बळही धाकटीच देते. धाकटीने दार उघडले नाही तर थोरली आत भरल्या पोटी बसून राहते. ब्याण्णव टक्के असो की शंभर. गाडी चालू झाली म्हणजे थोरली आपल्यातली थोडी वीज दाब उतरवून धाकटीला पाजते. पण त्यासाठी आधी गाडी चालू व्हायला हवी. गाडी उभी असताना मात्र धाकटी एकटीच जागी असते. कुलूप सांभाळते, मोबाईलला निरोप देते. माझ्या गाडीत तर कन्येने बसवलेला छोटा कॅमेराही रात्रंदिवस तिच्यावरच चालला होता. त्यात तिचे वय साडेचार वर्षे, आणि वर सोलापूरचा उन्हाळा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत असल्या बॅटऱ्यांचे आयुष्य लवकर सरते.

"आणि ती टिकटिक?"

"शाळेतली विजेची घंटा बघितलाव का सर? तसंच."

उपमा इतकी नेमकी होती की त्याला मी दोनदा नापास कसा केला, याचा मला प्रश्न पडला. अशक्त झालेली बॅटरी खटक्याला ओढते. ओढण्याच्या श्रमानेच तिचा दाब पडतो आणि खटका सुटतो. सुटला की ओझे जाते, दाब पुन्हा थोडा वर येतो आणि ती पुन्हा ओढते. धरते, सुटते, धरते, सुटते. बॉनेटखालच्या डब्यातले रिले म्हणजे लहान खटके त्याच तालावर थरथरतात. ती टिकटिक म्हणजे बिघाडाचा आवाज नसून प्रयत्नाचा आवाज असतो.

त्याने मीटर लावले. धडधाकट बॅटरी स्वस्थ बसलेली असताना साडेबारा व्होल्टांच्या वर दाखवते; बाराच्या खाली गेली की ती जवळजवळ रिती समजावी. आमची अकराच्याही खाली होती. एका टोकावर पांढरीहिरवी बुरशी चढली होती; तार सोडवून ती त्याने गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासून काढली. मग आपली चांगली बॅटरी आणून तिची लाल तार लालला आणि काळी तार गाडीच्या धातूला जोडली आणि म्हणाला, "दाबा."

टिक्. क्षणभर थांबून, टिक्. रेडी.

आमच्या हातून एवढे होईल, यापलीकडचे नाही, हेही त्याने बजावले. बारा व्होल्टांची बॅटरी चांगली असूनही गाडी टिकटिकत राहिली, किंवा पडद्यावर लाल सूचना आली, तर झाकणे उघडू नयेत. आत जाड नारिंगी तारा असतात. त्या थोरलीच्या. त्यांना हात लावायचा तो त्या कामात शिकलेल्या माणसानेच, हातमोजे घालून.

नवी बॅटरी चार-पाच हजारांत आली. ती बसवता बसवता त्याने सहज विचारले, "सर, आधी कधी झालं नव्हतं का असं? पंधरा-वीस दिवस आधी ती सांगत असती ओ. एकदम नाही बसत."

आणि मला आठवले.

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी गाडी उन्हातून सावलीत घ्यायची म्हणून मी सुरू केली होती. दहा पावले घेतली आणि बंद केली. अण्णांचा हात नेहमीप्रमाणे बॉनेटवर होता. ते म्हणाले होते, "आज हाताला वेगळं लागलं. टिचकी नीट बसंना." मी मानेने "हो हो" केले होते आणि गठ्ठ्यांकडे वळलो होतो. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलताना आपण मानेने "हो हो" करतो. त्यात आपले श्रम वाचतात. गेली दहा वर्षे मी अण्णांशी निम्मे बोलणे असेच करीत आलो आहे. त्यांना ऐकू येत नाही, हे सत्य आम्ही इतके पक्के धरून बसलो होतो की आम्हीही त्यांचे ऐकत नाही, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

विद्यार्थी गेल्यावर मी अण्णांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी बसून फडके शिवत होते. मी शेजारी बसलो आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "अण्णा, बारकीच होती."

"मग सांगत काय होतो!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. जॉबराने पोऱ्याला समजावावे तसे ते सांगू लागले. "साचेखात्यात कोण ऐकतंय? बाजूचा बोंबलला तरी ऐकू येत नव्हतं. ओठांवरून बोलणं आणि हातावरून साचा. साच्यावर हात ठेवला की धोट्याला ठेच लागायलीय का वादी सैल झालीय, ते कळायचं. धागा तुटायच्या आधी कळायचं."

मी त्यांना विचारले, गाडीतली धाकटी बॅटरी त्यांना कशी ठाऊक? ते हसले. "दोन बॅटऱ्या आहेत ते पुस्तकात दिलंय की. चित्र काढलंय. तू वाचलं नाहीस?"

एम. ए. झालेल्या, वीस वर्षे मुलांना 'पाठ्यपुस्तक आधी वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने ते पुस्तक वाचले नव्हते. सातवी पास जॉबराने वाचले होते, भिंगातून, चित्रासकट.

त्या दिवसापासून मीही थोडे वाचू लागलो. त्यात एक गंमत सापडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी चांगल्या चालत होत्या. पेट्रोलची गाडी पुढे उभे राहून हँडल फिरवून सुरू करावी लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला ती कटकट नव्हती. मग चार्ल्स केटरिंग नावाच्या गृहस्थांनी बॅटरीवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने तो आपल्या गाड्यांत बसवला. हँडल गेले, आणि विजेच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. म्हणजे एका लहानशा बॅटरीने विजेच्या गाडीला रस्त्याबाहेर घालवले, आणि शंभर वर्षांनी ती परत आली तर तिचे दार उघडणारी पुन्हा लहानशी बॅटरीच. ज्या फियाटला आम्ही लहानपणी धक्के मारले, ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. १८८२ चा त्यांचा जन्म इथला. तेव्हा बसलेल्या बॅटरीशी आमच्या गावाचे नाते जुनेच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घरातले दोन नियम आता बदलले आहेत. गाडी उभीच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती अर्धा तास तरी फिरवायची किंवा चार्जिंगला लावायची, आणि तो कॅमेरा गाडीबरोबर बंद होईल असा जोडून घेतला. हा पहिला. दुसरा नियम कोणी केला नाही, तो आपोआप झाला. मी बटण दाबतो आणि अण्णांकडे पाहतो. ते डोळे मिटून हात टेकून उभे असतात. त्यांची मान हलली की मी निघतो. कॉलेजला एखादे मिनिट उशीर होतो.

कन्येला प्रवेश मिळाला. दसऱ्याच्या सुट्टीत ती आली होती. खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा होत असे. गिरणी गेल्यावर अण्णा घरी पाना, पेचकस आणि एक जुना धोटा मांडून पूजा करतात. यंदा गाडीही होती. मी हार घेऊन बॉनेटवर घालायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "उघड ते."

मी बॉनेट उघडले. कन्येने कोपऱ्यातले झाकण काढले. अण्णांनी हळदकुंकवाचे बोट बॅटरीच्या अंगाला टेकवले, टोकांपासून बेतशीर लांब, आणि एक झेंडूचे फूल ठेवले. क्षणभराने तेही उचलून घेतले.

"का हो अण्णा?" मी कानाशी जाऊन विचारले.

"वाळल्यावर आत पडंल," ते म्हणाले. "मशिनीत काही ठेवू नये." आणि ते फूल त्यांनी नातीच्या केसांत खोवले.